पांढऱ्या अक्षरांचे चार डबे

मित्रांनो, मी मोटारगाडी आहे. पण तुम्ही रस्त्यावर पाहता तसली नव्हे. माझ्या दिव्यांत वीज नव्हती. डबीतल्या खड्यांवर पाणी ठिबकले की वायू निघायचा आणि तो काडीने पेटवावा लागायचा. माझे इंजिन बटणाने सुरू होत नसे. समोर उभे राहून, लोखंडी हँडल घालून, अंगातली सगळी ताकद लावून ते फिरवावे लागे. चाकांच्या आऱ्या लाकडी, भोंगा रबरी फुग्याचा. आजच्या गाड्या मला पाहून हसतील. हसोत बापड्या. त्यांच्यापैकी कितीजणींची फळी रोज सकाळी बादल्याबादल्यांनी धुवावी लागली असेल?

माझा जन्म १९०९ सालचा, कॉव्हेंट्री गावातला. इंजिन एका कारखान्यात तयार झाले, पण अंगावरचा साज चढवला तो एमॉस ट्रँटर नावाच्या म्हाताऱ्या सुताराने. त्याने तीस वर्षे घोड्यांच्या बग्ग्या बनवल्या होत्या आणि मोटारींचा त्याला मनापासून तिटकारा होता. "घोड्याशिवाय गाडी म्हणजे नवरदेवाशिवाय वरात," असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. तोंडाने असे म्हणायचा आणि हाताने मात्र माझे लाकूड तासून तासून लोण्यासारखे करायचा. अशी माणसे मला आवडतात. पुढे मला गोड बोलून वाईट वागणारीही पुष्कळ भेटली.

मला विकत घेतले डॉक्टर पार्जेटर यांनी. श्रॉपशर परगण्यातल्या हॅलॉक नावाच्या बाजारगावात त्यांचा दवाखाना होता आणि रोगी मात्र बारा मैलांच्या टापूत विखुरलेले. त्यांची बग्गी वीस वर्षे एनॉक बेडोज हाकत होता. बग्गी विकली, घोडी विकली, पण एनॉकला डॉक्टरांनी विकले नाही, एवढेच. त्याला तीन दिवस कॉव्हेंट्रीला पाठवून मोटार शिकवून आणले. तो आला आणि माझ्या बॉनेटवर घोडीच्या मानेवर थोपटावे तसे थोपटून म्हणाला, "बाई, मला तुझं काही कळत नाही आणि तुला माझं. हळूहळू घेऊ."

आणि खरेच आम्ही हळूहळू घेतले. चढ आला की तो जीभ टाळूला लावून टक् टक् आवाज करायचा. त्या आवाजाचा माझ्या इंजिनाशी काडीचा संबंध नव्हता, पण मी चढायची. मुक्कामाला पोहोचलो की आधी माझ्या रेडिएटरमध्ये पाणी, मग स्वतःचा चहा. आधी जनावर, मग माणूस, हा त्याचा जुना नेम.

एक गोष्ट मात्र माझ्या लवकरच ध्यानात आली. चौरस्त्यांवर गावांची नावे लिहिलेल्या पाट्या असायच्या. एनॉक त्यांच्याकडे कधी बघायचाच नाही. तो मान वर करायचा आणि नाकपुड्या फुगवायचा. कातडे कमावण्याच्या कारखान्याचा वास आला की डावीकडे, दारूच्या भट्टीचा आंबूस वास आला की सरळ, लाकूड चिरण्याच्या वखारीचा गोडसर वास आला की उजवीकडचा पूल. डॉक्टर पत्ता तोंडी सांगायचे, एनॉक नाकाने शोधायचा. दुकानातून टर्पेंटाईन आणायचे असो की रॉकेल, बूच काढून हुंगले की त्याचे काम झाले. सही करायची वेळ आली तर तो आपले नाव काढायचा. लिहायचा नाही हां, काढायचा. लहान मूल घर काढते तसे.

एनॉक बेडोजला वाचता येत नव्हते. हे मला ठाऊक होते, त्याच्या मेलेल्या बायकोला ठाऊक होते, आणि तिसऱ्या कुणाला ते कळू नये म्हणून त्याने पन्नास वर्षे जिवाचा आटापिटा केला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे तुमच्यात म्हणतात ना, तसे. पण मित्रांनो, मूठ फार दिवस झाकून ठेवली की बोटे आखडतात.

१९१४ साली युद्ध सुरू झाले. जखमींसाठी गाड्या हव्या आहेत, असे पत्रक निघाले आणि डॉक्टरांनी मला देऊन टाकायचे ठरवले. ते अंगणात येऊन म्हणाले, "एनॉक, गाडी फ्रान्सकडे चालली. चालक मात्र शोधायला हवा."

"शोधायचाय कशाला? मी जातो की. हिला दुसरा हात चालत नाही."

"अरे, तुझं वय एक्कावन्न!"

"आणि हिचं पाच. दोघांची सरासरी काढा साहेब, अठ्ठावीस भरतं. अठ्ठावीसची पोरं घेतायत ना?"

डॉक्टर हसले आणि त्यांनी शिफारसपत्र लिहून दिले. एनॉकने ते पत्र उलटसुलट न्याहाळले, मान डोलावली आणि खिशात घातले.

मग माझी पाठ कापली. कातड्याच्या गाद्या, खिडक्यांच्या काचा, एमॉसने तासलेले दार, सगळे करवतीने कापून बाजूला टाकले आणि तिथे फळ्यांची पेटी बसवून वर ताडपत्री ताणली. आत चार स्ट्रेचर मावत, दोन खाली, दोन वर. तळाच्या फळीला मध्ये एक भोक पाडलेले होते. ते कशासाठी, हे मला तेव्हा कळले नाही. पहिल्या फेरीनंतर एनॉकने आत पाणी ओतले आणि त्या भोकातून जे खाली गळू लागले, ते पाहून कळले.

बेल्जियममध्ये ज्या गावाभोवती आमच्या फेऱ्या चालत, त्याचे नाव ईप्र. आमच्या शिपायांच्या जिभेला ते वळेना, म्हणून त्यांनी त्याचे वायपर्स करून टाकले होते. तिथे माझ्यावर एक मदतनीस नेमला गेला. नॉर्फकचा क्यूबिट, वय वर्षे सव्वीस, तोंडाने चुरूचुरू. लढाईआधी तो एका बेकरीत केकवर साखरेच्या पाकाने नावे लिहायचा. लग्न, बारसे, वाढदिवस, सगळ्या गावाची नावे त्याच्या हाताखालून गेलेली. एनॉकला तो म्हातारबा म्हणायचा आणि एनॉक त्याला साखऱ्या.

१९१५ च्या एप्रिल महिन्यात विषारी वायूचा पहिला हल्ला झाला. मित्रांनो, मी त्याचे वर्णन करणार नाही. माझ्यात त्या आठवड्यात जी माणसे घातली, त्यांना जखम म्हणून कुठे नव्हती, आणि तरी ती बुडणाऱ्या माणसासारखी तोंडे उघडून श्वास ओढत होती. त्यांच्या कपड्यांत तो वायू मुरलेला होता. ताडपत्रीखालून तो पुढे यायचा आणि एनॉकच्या मानेवरून, तोंडावरून जायचा. सहा दिवस तो खोकला, डोळे सुजले, पण त्याने फेरी चुकवली नाही. खोकला गेला. डोळेही निवळले. नाक मात्र परत आले नाही.

त्याने हे कुणाला सांगितले नाही. एक पांघरूण होते, ते फाटले आणि त्याखालची गोष्ट उघडी पडायची वेळ आली. मग माणूस उरलेली चिंधीच घट्ट ओढून घेतो.

आघाडीवर पाणीसुद्धा पेट्रोलच्या रिकाम्या डब्यांतून यायचे. दोन्ही डबे एकाच मापाचे, एकाच हिरव्या रंगाचे. डबे नीट न धुता भरले की चहाला पेट्रोलची घाण मारायची. एका सकाळी तर असा चहा झाला की सगळ्या पथकाने पहिल्याच घोटाला थुंकला. एनॉक एकटा शांतपणे पीत बसला होता.

"म्हातारबा, अरे पोटात आग लागेल!" क्यूबिट ओरडला. "काडी ओढू नको रे कुणी याच्याजवळ!"

सगळे खदाखदा हसले. एनॉकही हसला आणि त्याने पेला रिता केला. हसले नाही ती मी.

तोवर घोटाळा होत नव्हता, कारण पाण्याच्या डब्यांवर पांढऱ्या रंगाने इंग्रजीत 'पाणी' असे लिहिलेले असे आणि पेट्रोलचे डबे कोरे. पांढरे दिसले की पाणी, एवढे कळायला शाळा लागत नाही. पण त्या चहानंतर आमच्या पथकाचे प्रमुख कॅप्टन वेनबल्स यांनी नवा हुकूम काढला की यापुढे दोन्ही डब्यांवर लिहायचे, म्हणजे शंकेला जागा नको. हुकूम सगळ्यांपुढे वाचून दाखवला. "समजलं?" असे विचारले. "समजलं, साहेब," सगळे म्हणाले. एनॉकही म्हणाला.

डबे रंगवायचे काम अर्थातच क्यूबिटकडे आले. त्याने कुंचला असा चालवला की काय सांगू! प्रत्येक अक्षराला वेलबुट्टी, प्रत्येक शेपटीला गोल वळसा. "लढाई असली म्हणून काय झालं, अक्षर देखणं पाहिजे," असे म्हणून तो मागे सरून आपल्या कामाकडे बघत राहिला. एनॉकही बघत राहिला. त्याला ते सगळे डबे सारखेच देखणे दिसत होते.

मग त्याने आपली तोड काढली. पाण्याचे डबे पाय ठेवून चढायच्या डाव्या फळीवर, म्हणजे फूटबोर्डवर, पेट्रोलचे उजव्या. रोज सकाळी डबे भरताना तो स्वतः उभा राहायचा आणि स्वतःच्या हाताने ते तसे बांधायचा. महिनाभर सगळे सुरळीत चालले. माझ्या दोन बाजू म्हणजे त्याची डावी-उजवी अक्षरे झाली होती.

सप्टेंबरात मोठी चकमक झाली. दीड दिवस आम्ही सारखे पळत होतो. तिसऱ्या प्रहरी, धो धो पावसात, दारूच्या एका पडक्या भट्टीच्या तळघरातून चार स्ट्रेचर वर आले. एका पोराच्या पोटात गोळी होती. त्याचे नाव रूबेन क्लेग. दुसऱ्याची मांडी फाटली होती, तो आर्थर हिबर्ट. बाकीचे दोघे बेशुद्ध. तळघरातला डॉक्टर एनॉकला म्हणाला, "पोटवाल्याला दीड तासात टेबलावर घेतलं तर वाचेल. मांडीवाल्याचा रक्त अडवणारा पट्टाही फार वेळ टिकायचा नाही. आठ मैल आहेत. कुठं थांबू नकोस."

इतक्यात पाचवा आला. जो एन्टविसल, लँकशरचा विणकर, पाऊल फुटलेले. आत जागा नव्हती. तेव्हा क्यूबिटने डाव्या फूटबोर्डवरचे पाण्याचे दोन डबे सोडले, उजवीकडे पेट्रोलच्या डब्यांशेजारी बांधले आणि एन्टविसलला डावीकडे बसवून पट्ट्याने आवळले. एनॉक तेव्हा स्ट्रेचरचा दांडा धरून आत वाकला होता. त्याने हे पाहिले नाही. क्यूबिटला सांगावेसे वाटले नाही. सांगण्यासारखे त्यात होते काय? डब्यांवर तर लिहिलेले होते.

तीन मैल गेल्यावर चढावर माझे इंजिन आचके देऊ लागले. टाकी तळाला गेली होती. पडक्या पवनचक्कीपाशी एनॉकने मला थांबवले, उडी मारून उतरला आणि उजव्या फूटबोर्डपाशी आला.

तिथे दोनाच्या ठिकाणी चार डबे होते.

मित्रांनो, मी पुढे पुष्कळ वर्षे जगले, पण तो क्षण माझ्या मनातून जात नाही. चार हिरवे डबे, चारांवर पांढरी, वळणदार अक्षरे. चारही अर्धेमुर्धे वापरलेले, म्हणून वजनावरून कळेना. त्याने एकाचे बूच काढून नाकाशी नेले. मग दुसऱ्याचे. पावसाने हात चिंब, बोटाला लावून पाहावे तर सगळेच ओले. आत ताडपत्रीमागे क्यूबिट होता. पलीकडे, दोन हातांवर, एन्टविसल होता. दोघांनाही वाचता येत होते. 'यात पेट्रोलचा डबा कुठला?' एवढे चारच शब्द विचारायचे होते.

त्याचे ओठ हललेले मी पाहिले.

"काय रे चालक, काय झालं?" एन्टविसलने पलीकडून हाक दिली.

"काही नाही," एनॉक म्हणाला. आणि त्याने एक डबा उचलला.

पहिला घोट आत उतरला तेव्हाच मला कळले. ओरडावे, तर माझा भोंगासुद्धा त्याच्याच हातात. पेट्रोल वर तरंगते, पाणी तळाशी बसते, आणि नळी निघते ती तळातून. नळीत होते तेवढ्यावर मी एक फर्लांगभर धावले. मग खोकले, हिसका दिला आणि उघड्या माळावर थांबले.

त्याने हँडल मारले. दहादा मारले, वीसदा मारले. हाताची सालटी निघाली. "चल बाई, चल," तो म्हणत होता, टक् टक् करत होता. मी काय चालणार? माझ्या घशात पाणी होते.

क्यूबिट खाली आला. "काय झालं म्हातारबा? आतला क्लेग विचारतोय, पोचलो का म्हणून."

"आलंच म्हणावं," एनॉक म्हणाला. त्याने बॉनेट उघडले, कार्बुरेटरचा स्क्रू सोडला, तळहात सदऱ्याच्या आत कोरडा पुसला आणि त्यावर दोन थेंब घेतले. मग त्याने फुंकर घातली. पेट्रोल असते तर फुंकरीसरशी उडून गेले असते. ते थेंब तसेच राहिले. त्याने पुन्हा फुंकले. ते तसेच.

क्यूबिटने रिकामा डबा उचलला. "अरे, हा तर पाण्याचा डबा! हे काय केलंस? मी स्वतः लिहिलंय यावर, एवढं ठळक, आंधळ्यालासुद्धा—"

तो मध्येच थांबला. त्याने एनॉकच्या तोंडाकडे पाहिले, डब्याकडे पाहिले, पुन्हा तोंडाकडे.

"म्हातारबा... तुला वाचता येत नाही?"

"हळू बोल," एनॉक म्हणाला. "ऐकतील."

मला त्या वेळी त्याचा राग आला. आजही सांगते, आला. आत दोन माणसे मरत होती आणि हा म्हणतो, ऐकतील!

"ऐकलंय आम्ही," एन्टविसल पलीकडून ओरडला. "आता तोंडं काय बघत बसलाय? टाकी उपसा आधी!"

त्यांनी टाकी उपसली. नळी सोडली, फुंकली, पुसली, पावसात पुन्हा भिजली, पुन्हा पुसली. पुढच्या वळणावर तोफगोळे पडत होते, म्हणून त्या रस्त्याने दुसरी गाडी येईना. क्यूबिट आत-बाहेर करत होता. आर्थर हिबर्टच्या मांडीचा पट्टा त्याने दोनदा आवळला. तिसऱ्यांदा तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. आला तेव्हा तो रक्ताचे हात पावसात धरून नुसता उभा राहिला. माझ्या फळीच्या भोकातून खाली चिखलात जे गळत होते, ते हळूहळू थांबले.

रूबेन क्लेग मात्र शेवटपर्यंत विचारत होता. "अजून किती?" त्याचा आवाज बारीक होत गेला. दर वेळी एनॉक म्हणायचा, "आलंच, बाळा." मग विचारणे बंद झाले.

"क्लेग गप्प झाला," एन्टविसल म्हणाला. एनॉकने नळी पुन्हा तोंडाला लावून फुंकली.

दोन तास गेले. मी सुरू झाले आणि उरलेले पाच मैल अशी धावले की आयुष्यात तशी कधी धावले नव्हते. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ते हेच. इस्पितळाच्या दारात पाचांपैकी तीन जिवंत उतरले. एन्टविसलला उचलून नेत असताना त्याने एनॉकची बाही पकडली.

"मला विचारायचं होतंस की रे," तो म्हणाला. "मी काय तुझी परीक्षा घेणार होतो?"

एनॉकने बाही सोडवून घेतली नाही. एन्टविसलनेच ती सोडली.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. कॅप्टन वेनबल्स वही घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. एनॉकने तोंड उघडण्याआधीच क्यूबिट म्हणाला, "गाडी जुनी साहेब. टाकीचं झाकण सैल झालंय. पावसाचं पाणी शिरलं."

"असं झालं का, बेडोज?"

एनॉक खाली बघत राहिला. कॅप्टननी ते होकार समजून लिहून घेतले: वाहन जुने, टाकी सदोष, कामास निरुपयोगी. चोर सोडून संन्याशाला फाशी! माझे झाकण इतके घट्ट होते की दोन हातांनी फिरवावे लागे. पण क्यूबिटने खोटे सांगितले ते प्रेमापोटी, आणि मला तर बोलताच येत नव्हते. मला ओढून एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे उभे केले, सुटे भाग काढून घेण्यासाठी. एनॉकला नवी कोरी गाडी मिळाली. तिच्याही दोन्ही बाजूंना पांढऱ्या अक्षरांचे हिरवे डबे होते.

तीन दिवसांनी कॅप्टन माझी चाके मोजायला आले असताना एनॉक त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. टोपी काढली.

"साहेब, गाडीत दोष नव्हता. मी टाकीत पाणी ओतलं. मला वाचता येत नाही आणि नाकही गेलंय."

कॅप्टननी मोजणी थांबवली. त्यांचे डोळे लाल होते, झोपले नसावेत. मग ते म्हणाले, "कागद वर गेला, बेडोज. त्या दोघांच्या आयांना मी काय लिहिलंय, माहीत आहे? त्रास न होता, तात्काळ मरण आलं. आता दुसरं पत्र लिहू? काय लिहू त्यात?"

"पण साहेब, शिक्षा..."

"चालक कमी आहेत आणि जखमी जास्त. तुला तुरुंगात बसवू, तर उद्या गाडी कोण नेणार? जा."

"मी पुन्हा चुकलो तर?"

"मग शिक," कॅप्टन म्हणाले, आणि पाठ फिरवून चालू लागले. दया नाही, शिक्षाही नाही. मला वाटते, त्याला शिक्षा झाली असती तर फार बरे झाले असते.

त्या दिवसापासून क्यूबिट आणि तो रोज दुपारी गोठ्यामागे येऊ लागले. कागद ओला, पाटी कुठली? म्हणून एक खिळा घेतला आणि मी होतेच. इंग्रजीत पाण्याचे पहिले अक्षर डब्ल्यू, म्हणजे शेजारीशेजारी नांगरलेले दोन चर. पेट्रोलचे पहिले अक्षर पी, म्हणजे पोट सुटलेला पाद्री. बावन्न वर्षांचा तो माणूस जीभ दातांत धरून माझ्या फळ्यांवर पोट सुटलेले पाद्री काढत बसायचा. क्यूबिट एकदाही हसला नाही. केकवर नाव लिहिताना हात कसा हलका धरायचा, ते त्याने शिकवले. आठ दिवसांत एनॉकला दोन शब्द आले. अवघे दोन. त्या दोन शब्दांसाठी दोन माणसे गेली होती.

नवव्या दिवशी तो म्हणाला, "साखऱ्या, आता नावं शिकव."

"तुझं तर येतं की तुला."

"माझं नाही."

माझ्या बॉनेटच्या उजव्या पत्र्यावर त्याने ती दोन नावे कोरली. अर्धी दुपार लागली. एक अक्षर उलटे पडले आणि हिबर्टमधले एक गळाले. क्यूबिट म्हणाला, "पुसून पुन्हा करायचं?" एनॉक म्हणाला, "पत्र्यावरचं पुसत नाही." मग त्याने खिळा खिशात ठेवला, सवयीने मला थोपटले आणि तो गेला. त्यांचे पथक दुसरीकडे हलले. तो पुढे जगला की मेला, मला माहीत नाही. मोटारीला कुणी पत्र लिहीत नाही.

नंतरची हकीकत थोडक्यात सांगते. माझ्या इंजिनावर शेतकऱ्याने बारा वर्षे लाकडे चिरली. मग ते दमले आणि माझ्या बैठकीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. पेटी कुजली, ताडपत्री उडाली, फळ्यांवरचे पाद्री चुलीत गेले. पुष्कळ वर्षांनी एका इंग्रज गृहस्थाला माझा सांगाडा सापडला. त्याने मला परत नेले, हाडे जुळवली, आणि आता मी एका लहानशा संग्रहालयात उभी आहे. येथील माणसे चांगली आहेत. माझे पितळ घासतात, टायरांत हवा भरतात, पावसाचा थेंब लागू देत नाहीत.

काल रंगारी येऊन गेला. त्याने बॉनेटच्या उजव्या पत्र्यावरून बोट फिरवले. "हे ओरखडे कसले हो?"

"शेतावरच्या टवाळ पोरांनी काढले असतील," संग्रहालयाचे गृहस्थ म्हणाले. "काही वाचता येत नाही."

"सोमवारी लांबी भरून हे बुजवतो, वर दोन हात रंग मारतो. काचेसारखं गुळगुळीत होईल बघा."

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतात, की आमची निगा राखा, आम्हांला पुसा, रंगवा. माझे मागणे उलटे आहे. मला रंगवू नका. तुमच्या वर्गात एखाद्याला एखादी गोष्ट येत नसेल, तर त्याला ती विचारायची लाज वाटेल असे हसू नका. आणि तुम्हांला येत नसेल, तर चार शब्द बोलून विचारा. आणि सोमवारच्या आधी कुणी इकडे आलात, तर माझ्या उजव्या बाजूला या, खाली वाका. अक्षरे वाकडी आहेत, एक उलटे आहे, एक नाहीच. तरी लागतात. तुम्हांला वाचता येते ना? मग मोठ्याने वाचा, त्या रंगाऱ्याला ऐकू जाईल असे: रूबेन क्लेग. आर्थर हिबर्ट.